जुना संगणक आणि त्यातील दस्तऐवज : बिघाड कसा शोधावा?

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके 982 चा, म्हणजेच इ.स. 1060 चा शिलालेख अभ्यासक आजही वाचू शकतात. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी मात्र डोळ्यांनी वाचता येत नाही. तिच्यासाठी यंत्रच लागते. शाळेच्या अडगळीत 1990 च्या दशकातील एखादा संगणक आढळला, तर भंगारवाला त्याची किंमत वजनावर ठरवील. परंतु त्याच्या डिस्कवर माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, स्नेहसंमेलनांचे वृत्तान्त किंवा वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी असू शकतात. म्हणून मजकूर वाचविणे हे पहिले कार्य. यंत्र चालविणे हे दुसरे.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील आपल्या परिसरात पावसाळी ओलावा हा अशा यंत्रांचा मोठा शत्रू आहे. 26 जुलै 2005 च्या महापुराची आठवण उल्हासनगर-बदलापूरकरांना वेगळी करून द्यावयास नको. ओलाव्याने तांब्याच्या जोडण्या गंजतात आणि फ्लॉपीवर बुरशी धरते. त्यामुळे जुने यंत्र थेट विजेला जोडू नये. प्रथम झाकण काढून धूळ झटकावी. मुख्य बोर्डावर लहान पिंपासारखी बॅटरी असल्यास तिच्याभोवती हिरवट-पांढरा थर आहे का, ते पाहावे. गळालेली बॅटरी बोर्डावरील रेषा खाऊन टाकते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी. वीजपुरवठ्याची पेटी आणि मॉनिटर मात्र स्वतः उघडू नयेत. वीज बंद केल्यावरही त्यांत धोकादायक दाब उरतो.

यानंतर यंत्र सुरू करावे आणि ते कोठे अडते याचे निरीक्षण करावे. पंखाच फिरत नसेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. पंखा फिरतो, बीप ऐकू येतात, पण पडदा काळा राहतो. अशा वेळी वीज बंद करून मेमरी व पडद्याचे कार्ड काढावे, त्यांच्या कडा पुसून ती पुन्हा घट्ट बसवावीत.

मेमरी मोजून झाल्यावर यंत्र थांबले, तर बॅटरी संपल्याची शक्यता अधिक. 1984 च्या पीसी-एटीपासून डिस्कची माहिती बॅटरीवर जगणाऱ्या एका लहान स्मृतीत ठेवली जाऊ लागली. बॅटरी संपली की संगणक आपली डिस्कच विसरतो. डिस्कवरील चिठ्ठीत सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे असतात. ते सेटअपमध्ये भरावेत. मात्र पूर्वी वेगळे आकडे भरलेले असल्यास डिस्क चांगली असूनही मजकूर दिसत नाही. अशा वेळी ‘फॉरमॅट करा’ हा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

‘नॉन-सिस्टिम डिस्क’ हा संदेश आला, तर आधी फ्लॉपी आत राहिली आहे का ते पाहावे. पुष्कळदा कारण तेवढेच असते. फ्लॉपीचा दिवा सतत जळत राहिला, तर केबल उलटी लागली आहे असे समजावे. हार्ड डिस्कच्या चाळीस पिनांच्या केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे हवी. डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे; प्रत्येक नव्या प्रयत्नात उरलेला मजकूरही नष्ट होऊ शकतो.

डिस्क वाचता आली, तर तिच्यावर नवे काहीही लिहू नये. साडेतीन इंची फ्लॉपीची सरकती खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे लेखन रोखले जाते. आयडीई जातीची डिस्क यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावून तिची संपूर्ण प्रतिकृती घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या प्रतिकृतीवर करावे.

येथे आणखी एक अडचण उद्भवते. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर लिहिलेला मराठी मजकूर ‘इस्की’ संकेतात असतो. आज तो उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो.

मजकूर हाती आला की त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि महत्त्वाच्या कागदांची छापील प्रत शाळेच्या दप्तरात लावावी. प्रतीवर तारीख, मूळ यंत्राचे वर्णन व काम करणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. पुढे शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावरूनच साधनाची विश्वसनीयता तपासता येईल.