खेळ एक, यंत्रें अनेक

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, पांझरा नदीच्या उगमाच्या परिसरांत, साक्री तालुक्यांतील पिंपळनेर हें बाजारपेठेचें गांव वसलें आहे. आसपासच्या पाड्यांचा बाजारहाट येथें होतो. मोठ्या खरेदीसाठीं मात्र माणूस धुळ्यास, नाशकास किंवा सुरतेस जातो. अशा गांवांतील एक मध्यमवर्गी घर डोळ्यांपुढें आणावें. वडील शिक्षक आहेत. थोरली मुलगी शिक्षणासाठीं पुण्यास गेली आहे आणि धाकटा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आहे. ताई घरीं होती तोंवर दोघें भावंडें एकाच टीव्हीसमोर बसून खेळत. ती गेल्यापासून संध्याकाळचा तो तास ओस पडला आहे. आतां वडिलांनीं वर्षभर बाजूस टाकलेल्या पैशांतून व्हिडिओ-गेमचें यंत्र, ज्यास बाजारांत कन्सोल म्हणतात, तें घ्यावें असें ठरलें आहे. मुलाची अट एकच आहे : "बाबा, ताईबरोबर खेळतां आलें पाहिजे."

अट साधी दिसते. परंतु ती पुरी करणें तितकें साधें नाहीं. एकच खेळ चार निरनिराळ्या यंत्रांसाठीं विकावयास असतो, आणि त्यांपैकीं कोणत्या यंत्रासाठीं तो घ्यावा हा प्रश्न त्यांतून उद्भवतो. दुकानांत विचारलें तर कोणतें यंत्र अधिक शक्तिमान् आहे याचें उत्तर मिळतें. घरास हवें असलेलें उत्तर वेगळ्या प्रश्नाचें असतें.

सुमारें १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील शहरांतून व तालुक्याच्या गांवांतून जीं स्वस्त खेळयंत्रें पसरलीं, त्यांच्या काळीं हा प्रश्न फारसा नव्हता. तीं बहुतेक निन्टेंडो कंपनीच्या एकाच जुन्या यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या खांचेंत बसणाऱ्या खेळाच्या डबीस मुलें 'कॅसेट' म्हणत. शेजाऱ्याची कॅसेट आपल्या यंत्रांत चाले, भाड्यानें आणलेलीही चाले. न चालली तर तोंडानें फुंकर घालून ती पुन्हां बसविण्यांत येई. यंत्राच्या पेटीवर नांव कोणाचेंही असो, आंतली रीत एकच होती.

आजची स्थिति नेमकी उलट आहे. सोनीचें प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स सीरीज एक्स हीं दोन्ही यंत्रें नोव्हेंबर २०२० मध्यें निघालीं. दोहोंचा मुख्य प्रोसेसर एएमडी या एकाच कंपनीच्या आराखड्याचा आहे. म्हणजे दोघांचें शरीर जवळजवळ एकाच घराण्यांतलें आहे. असें असूनही एकाची डिस्क दुसऱ्यांत चालत नाहीं. कारण प्रत्येक यंत्रावर त्याच्या मालकाची स्वतंत्र कार्यप्रणाली असते, आणि त्या मालकानें तपासून परवानगी दिलेला खेळच तें यंत्र सुरू करितें. खेळ बनविणाऱ्यास प्रत्येक यंत्रासाठीं वेगळी आवृत्ति सिद्ध करावी लागते, वेगळी संमति घ्यावी लागते आणि विक्रीचा कांहीं अंश त्या यंत्राच्या मालकास द्यावा लागतो. तेव्हां यंत्रायंत्रांतील भिंत विजेच्या शास्त्रानें जितकी उभारली आहे, त्यापेक्षां अधिक ती व्यापारानें उभारली आहे.

या भिंतीस खिडक्या पडल्या आहेत खऱ्या. पण त्या किती रुंद आहेत हें ओळखण्यासाठीं चार गोष्टी निरनिराळ्या समजून घेतल्या पाहिजेत. बाजारांत त्या चारींनाही 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' असें एकच नांव सरसकट देण्यांत येतें, आणि फसगत होते ती येथेंच.

पहिली गोष्ट, खेळ अनेक यंत्रांवर उपलब्ध असणें. याचा अर्थ एवढाच कीं प्रत्येकास आपापल्या यंत्रासाठीं तो विकत मिळेल. दुसरी, निरनिराळ्या यंत्रांवरील खेळाडूंना एकमेकांशीं खेळतां येणें. हिला क्रॉस-प्ले म्हणतात. तिसरी, एका यंत्रावर अर्धा राहिलेला डाव दुसऱ्या यंत्रावर तेथूनच पुढें नेतां येणें. चवथी, एकदां दिलेल्या पैशांत तोच खेळ दोन यंत्रांवर मिळणें. मायक्रोसॉफ्टनें २०१६ पासून निवडक खेळांपुरती अशी सोय एक्सबॉक्स व विंडोज संगणक यांच्यांत केली आहे. पण ती एका मालकापुरती असते, दोन भावंडांस दोन प्रती फुकट मिळाव्या अशी नव्हे. एका खेळांत यांपैकीं पहिली गोष्ट असली म्हणजे उरलेल्या तीन असतीलच असें मुळींच नाहीं.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे क्रॉस-प्लेचा, इतिहास बोधप्रद आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळानें सप्टेंबर २०१७ मध्यें एक्सबॉक्स, विंडोज संगणक व मोबाइल फोन यांवरील खेळाडूंस एकत्र आणलें. सोनीनें मात्र आपलें दार बंद ठेविलें होतें. पुढें सप्टेंबर २०१८ मध्यें फोर्टनाइट या खेळापुरतें सोनीनें तें प्रथम किलकिलें केलें, आणि माइनक्राफ्टचे प्लेस्टेशनवरील खेळाडू इतरांत मिसळूं शकले ते डिसेंबर २०१९ मध्यें. यंत्र तेंच, खेळ तोच. बदलली ती केवळ कंपनीची इच्छा. येथें एक बारीक मेखही ध्यानांत ठेवावी. संगणकावर माइनक्राफ्टच्या 'जावा' व 'बेडरॉक' अशा दोन आवृत्त्या आहेत. त्यांतील बेडरॉकचाच खेळाडू कन्सोलवाल्याबरोबर खेळूं शकतो. पुण्यांतील बहीण जावा उघडून बसली आणि पिंपळनेरचा भाऊ कन्सोल लावून बसला, तर दोघें एकाच नांवाच्या खेळांत असूनही एकमेकांस कधीं दिसणार नाहींत.

एकच खेळ सर्व यंत्रांवर सारखाच चालतो हाही एक भ्रम आहे. सायबरपंक २०७७ हा गाजलेला खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं एकदमच अनेक यंत्रांसाठीं निघाला. चांगल्या संगणकावर तो बरा चालत होता. पण प्लेस्टेशन ४ व जुन्या एक्सबॉक्सवर तो इतका अडखळूं लागला कीं आठवड्याभरांतच सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेतला, आणि जून २०२१ पर्यंत तो तेथें परत आला नाहीं.

पिंपळनेरच्या घरास अधिक लागू पडेल असें उदाहरण बाल्डर्स गेट ३ या खेळाचें आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें तो संगणकावर आला, सप्टेंबरांत प्लेस्टेशन ५ वर आला. एक्सबॉक्सवर मात्र डिसेंबर उजाडला. विलंबाचें कारण असें कीं एक्सबॉक्सचीं दोन भावंडें आहेत : महाग सीरीज एक्स आणि स्वस्त सीरीज एस. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनीं शेजारीं बसून खेळण्याची जी सोय त्या खेळांत होती, ती धाकट्या यंत्रास पेलवेना. शेवटीं त्या यंत्रापुरती ती सोय वगळून खेळ विक्रीस आणला गेला. ती सोय सीरीज एसला मिळाली, आणि निरनिराळ्या यंत्रांवरील खेळाडूंस एकत्र खेळण्याची मुभाही मिळाली, ती एप्रिल २०२५ मधील सुधारणेनें. म्हणजे स्वस्त यंत्रांत जी वस्तु कमी पडली ती चित्राची झळाळी नव्हती; दोघांनीं एकत्र बसण्याची जागा होती. हे दोन्ही खेळ प्रौढांसाठीं आहेत; मुलांसाठीं खेळ निवडतांना वेष्टनावरील वयाची खूण वडीलधाऱ्यांनीं पाहावीच.

कोणता खेळ कोणत्या यंत्रावर आधीं येईल हेंही व्यवहारानें ठरतें. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचला. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास, गोलूस, सोडविण्यासाठीं निघालेल्या राजी नांवाच्या मुलीची ती कथा आहे. तिच्या पाठीशीं दुर्गा व विष्णु उभे आहेत. हा भारतीय भूमीचा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम निघाला तो निन्टेंडो स्विच या यंत्रासाठीं, ज्याची भारतांत तेव्हां अधिकृत विक्रीच नव्हती. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर तो १५ ऑक्टोबरास आला. त्या वर्षीं द गेम अवॉर्ड्स या पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादींत त्याचें नांव होतें. पुण्यांत रचलेला खेळ पुण्यांतल्याच सामान्य ग्राहकास दोन महिने वाट पाहावयास लावतो, यावरून यंत्राची निवड ही किती अंशीं परक्या करारांच्या अधीन असते हें कळून येईल.

आतां पैशाकडे वळूं. प्लेस्टेशन ५ भारतांत फेब्रुवारी २०२१ मध्यें आलें तेव्हां डिस्क घेणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये व बिनडिस्कच्या यंत्राची ३९,९९० रुपये होती. एक्सबॉक्स सीरीज एस ३४,९९० रुपयांस निघालें होतें. नंतर किंमती बदलल्या. परंतु शिकवण तीच राहिली. स्वस्त यंत्रांत डिस्कची खांच नसते. तेथें प्रत्येक खेळ इंटरनेटवरून त्या कंपनीच्या एकाच दुकानांतून, ती सांगेल त्या भावानें उतरवून घ्यावा लागतो. डिस्क मात्र मित्राकडून उसनी आणतां येते, जुनी विकत घेतां येते, खेळून झाल्यावर विकतांही येते. दहा हजारांची बचत चार-पांच खेळांतच संपून जाण्याचा संभव असतो.

शिवाय इंटरनेटचा हिशेब आहेच. मोठा खेळ १०० गिगाबाइटपर्यंत सहज जातो. सेकंदास २० मेगाबिट या अखंड वेगानें तो उतरण्यास सुमारें ११ तास लागतील. आणि घरांत तारेचें इंटरनेट नसून मोबाइलचे रोजचे २ गिगाबाइटच हातीं असतील, तर इतर कांहीं न पाहतां ५० दिवस लागतील. डिस्कनें हा भार बराच हलका होतो, जरी सुधारणांसाठीं थोडेंफार उतरवावें लागतेंच. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणीं यंत्रास यूपीएसची जोड द्यावी, म्हणजे अर्धा डाव व यंत्र या दोहोंचें रक्षण होईल. बिघाड झाल्यास दुरुस्ति धुळ्यांत होईल कीं यंत्र मुंबईस पाठवावें लागेल, हेंही खरेदीपूर्वींच विचारावें.

आणखी एक खर्च पेटीवर लिहिलेला नसतो. दोन्ही कंपन्यांच्या कन्सोलवर, विकत घेतलेल्या खेळांत दूरच्या माणसाबरोबर खेळावयाचें असेल तर बहुधा वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या विनामूल्य खेळांस ती लागत नाहीं, आणि संगणकावर सहसा लागत नाहीं. भावंडांपैकीं प्रत्येकास खेळाची आपली प्रत लागेल, हें धरून खर्च मोजावा.

विकत घेतलेला खेळ खरोखर आपला होतो काय, हा प्रश्न शेवटचा असला तरी लहान नाहीं. युबिसॉफ्टच्या द क्रू या मोटार-शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजीं बंद झाले. तो सदैव सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळें डिस्क हातांत असलेल्यांसही तो खेळतां येईना. निन्टेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचीं दुकानें मार्च २०२३ मध्यें, तर मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स ३६० चें दुकान जुलै २०२४ मध्यें नव्या विक्रीस बंद केलें. कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ मध्यें कायदा करून असा खेळ विकतांना ग्राहकास मालकी नव्हे तर परवाना मिळतो, हें स्पष्ट सांगण्याचें बंधन दुकानांवर घातलें. तेव्हां खेळ निवडतांना, इंटरनेट नसतांना तो चालतो काय, एवढें तरी पाहून घ्यावें.

एका बाबतींत मात्र ग्राहकाचें ओझें कमी होत आहे. अमुक खेळ अमुक यंत्रावरच, ही जुनी हटवादी रीत सैल होत चालली आहे. सोनीनें होरायझन झीरो डॉन २०२० मध्यें व गॉड ऑफ वॉर २०२२ मध्यें संगणकावर आणले. मायक्रोसॉफ्टचे सी ऑफ थीव्ह्ज २०२४ मध्यें व फोर्झा होरायझन ५ हा २०२५ मध्यें प्लेस्टेशनवर आले. एका खेळाच्या लोभानें यंत्र घेण्याचें कारण त्यामुळें उणें झालें आहे.

आतां पिंपळनेरच्या घरीं परत यावें. वडिलांनीं प्रथम दुकानदारास नव्हे, तर पुण्याच्या मुलीस फोन करावा. तिच्याजवळ अभ्यासाचा लॅपटॉप आहे. त्यावर कोणते खेळ पेलतात तें तिनें पाहावें. मग दोघांनीं मिळून हवे असलेले चार खेळ कागदावर लिहावे आणि प्रत्येकापुढें तीन खुणा कराव्या : दोन्हींकडे मिळतो काय, दोन्हींकडून एकत्र खेळतां येतो काय, दिवाळीच्या सुटींत एका पडद्यावर दोघांस बसतां येतें काय. ज्या यंत्राच्या रकान्यांत खुणा अधिक पडतील तें यंत्र घ्यावें. आणि खुणा सारख्या पडल्यास डिस्कची खांच असलेलें व जवळ दुरुस्त होणारें घ्यावें. शक्तीचे आंकडे त्यानंतर वाचले तरी चालतील. दुसरा कंट्रोलर मात्र खरेदीच्याच दिवशीं घेऊन ठेवावा. वर्षाचे पुष्कळ महिने तो कपाटांत पडून राहील. पण सुटी लागून ताई एस्टीनें घरीं आली, म्हणजे त्याच्याच किंमतीचें सार्थक सर्वांत आधीं होईल.