कासवीची नजर आणि टबातलं पाणी

फिशटँकच्या दुकानात काउंटरवर एक उथळ प्लास्टिकचा टब हमखास दिसतो. मधोमध बेट, बेटावर प्लास्टिकचं माडाचं झाड आणि झाडाखाली दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, पोपटी पाठीची पाच-सात कासवं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. डोळ्यामागे लाल पट्टा असतो. हीच रेड इअर्ड स्लायडर. कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच, पण हा पट्टा नेमका कानाच्या जागी आलेला आहे. चाहूल लागली की ओंडक्यावरून घसरून पाण्यात गडप व्हायचं, म्हणून स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. दुकानदार त्याची शिफारस एका दमात करतो. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, चिमूटभर खाणं टाकलं की झालं. यातलं शेवटचं सोडलं तर सगळं खरं आहे. त्यावरून गिऱ्हाईक जो निष्कर्ष काढतं, की याचा काही त्रास नाही, तो मात्र साफ चुकीचा. कुत्रा उपाशी असला तर घर डोक्यावर घेतो, मांजर पायात घोटाळते. कासव काहीच करत नाही. तक्रार न करणाऱ्या प्राण्याला गरजाच कमी असतात, असं आपण धरून चालतो आणि या प्राण्याची सगळी दैना तिथून सुरू होते.

संतवाङ्मयात कासवीचा दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो. ती पिल्लांना पाजत नाही, कुशीत घेत नाही. दुरून नुसतं बघते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. प्रत्यक्षात कासवी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही ती बघत नाही. पिल्लं वाढतात ती उन्हावर, पाण्यावर आणि त्या पाण्यात जे सापडेल त्यावर. दृष्टांत म्हणून कासवीची नजर अपुरी पडत नाही, पण हॉलच्या कोपऱ्यातल्या टबाकडे येता-जाता टाकलेल्या नजरेवर काहीही वाढत नाही. स्लायडर घरी आणणाऱ्याला खरं तर ऊन आणि पाणी सांभाळायचं असतं. ती दोन नीट सांभाळली, तर कासवाचं कासव बघून घेतं.

आधी ऊन. कासव थंड रक्ताचं, म्हणजे शरीराची ऊब बाहेरून घेणारं. पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंश आणि अंग पूर्ण कोरडं होईल अशी बसायची जागा बत्तीस-पस्तीस अंश, एवढा फरक त्याला लागतो. पोट भरल्यावर ते वर येऊन मागचे पाय ताणून, बोटांमधले पडदे फाकवून पडून राहतं. बघणाऱ्याला तो आळस वाटतो, पण त्या उबेशिवाय खाल्लेलं पचत नाही. उबेहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी हा भाग कातडीवर पडला की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम हाडात जातं. इथे फ्लॅटमधला नेहमीचा घोटाळा होतो. टब खिडकीशी ठेवलेला असतो, सकाळचं ऊन छान येतं, मालक निर्धास्त. पण खिडकीची काच बंद असेल तर ती उजेड आत सोडते, ऊब सोडते आणि यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. ऊन दिसतं आणि पोचत नाही. उलट तोच उथळ टब गॅलरीत भर उन्हात ठेवला, तर चार-पाच लिटर पाणी तासाभरात इतकं तापतं की सावली नसलेलं पिल्लू त्यात शिजून मरू शकतं. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने उन्हाचा भरवसाच नाही. म्हणून यूव्हीबीची नळी लागते, आणि तिचीही गंमत आहे. ती वर्षभरानंतरही लखलखीत पेटते, पण तिच्यातलं यूव्हीबी त्याआधीच क्षीण झालेलं असतं. दिवा चालू आहे म्हणून न बदलणारे लोक कासवाला नुसता उजेड दाखवत असतात.

हे सगळं चुकलं की काय होतं, ते बोटानं कळतं. कासवाचं कवच म्हणजे अंगावर घातलेली ढाल असं आपण समजतो. खरं म्हणजे त्याच्या बरगड्या आणि मणके पसरून, एकमेकांना जोडले जाऊन ते झालेलं असतं, आणि वरून नखासारख्या द्रव्याच्या पट्ट्या बसवलेल्या. ते जिवंत हाड आहे. त्याला स्पर्श कळतो, दुखतंही. अगदी लहान पिल्लाचं कवच जरा लवचीक असतंच, पण वर्ष-दीड वर्षाच्या कासवाच्या पाठीची कड अंगठ्यानं हलकेच दाबल्यावर जाड पुठ्ठ्यासारखी वाकली, तर शरीर हाडातलं कॅल्शियम काढून दिवस ढकलतं आहे असं समजावं. निरोगी स्लायडर वाढताना पाठीच्या वरच्या पट्ट्या टाकत जातो. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे, ज्यावर पाठीची नक्षी फिकट उमटलेली असते, पाण्यावर तरंगताना दिसतात. नवखे मालक ते बघून घाबरतात, आणि मऊ पडलेली पाठ बघून घाबरत नाहीत.

आता पाणी. मासा पाण्यात राहतो. कासव पाण्यात राहतं, पाण्यात खातं आणि पाण्यातच विधी उरकतं, तेही माशाच्या कितीतरी पट. पाण्याबाहेर त्याला घास गिळताच येत नाही, त्यामुळे खाणं बाहेर द्यावं आणि पाणी स्वच्छ ठेवावं ही युक्ती चालत नाही. विष्ठेतून आणि उरल्या खाण्यातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाणी बदलून काढायचं असतं. फिल्टर म्हणून जो डबा विकत आणतो, तो या जिवाणूंचं घर. ते वसायला महिनाभर तरी लागतो. मग एखाद्या रविवारी घरातला कोणीतरी उत्साही माणूस तो काळाकुट्ट स्पंज काढतो, नळाखाली खळखळून धुतो आणि पांढराशुभ्र करून परत बसवतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन महिनाभराची वस्ती पाच मिनिटांत मारतं. दोन दिवसांत पाणी पुन्हा गढूळ, आणि दोष कासवाच्या घाणेरडेपणाला. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्याच पाण्यात पिळायचा असतो. ही कामं अवघड नाहीत, पण ती दर आठवड्याची आहेत आणि कासव वीस ते चाळीस वर्षं जगू शकतं.

शिवाय ते नाण्याएवढं राहत नाही. मादीची पाठ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते. नर लहान राहतो आणि त्याची पुढची नखं लांब वाढतात. पाळणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो, पाठीच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी. आठ इंची कासवाला म्हणजे तीनशे लिटरच्या वर. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो, काच आणि स्टँड वेगळं. दोन खोल्यांच्या घरात हे कुठे ठेवणार, आणि जुन्या इमारतीच्या गॅलरीवर तर ठेवावं का, हा प्रश्न दुकानातल्या त्या टबाकडे बघून कोणाच्या मनातही येत नाही. पिल्लू दोन-तीनशे रुपयांचं असो की हजाराचं, टाकी, फिल्टर आणि दिव्यांपुढे ती किंमत किरकोळ. स्वस्त प्राण्याला स्वस्तातच ठेवायचं असतं, असा एक अलिखित नियम आपण पाळतो.

यावर सगळ्यात जोरात येणारा आक्षेप अनुभवाचा असतो. आमच्या चाळीतल्या अमक्यांचं कासव बादलीत दहा वर्षं आहे, त्याला ना दिवा ना फिल्टर, काही झालं नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो बहुधा खरा असतो. पण सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर फार सावकाश चालतं. ते आठवडेच्या आठवडे न खाता तग धरतं, मग जीवनसत्त्वाच्या तुटवड्यात वर्षं काढलेली असली तर नवल नाही. पक्षी किंवा ससा अशा हालात इतकी वर्षं टिकणार नाही, म्हणून त्यांच्या मालकाला चूक लवकर कळते. कासवाच्या बाबतीत चूक आणि मरण यांच्यात इतकं अंतर पडतं की दोन्हींचा संबंधच लागत नाही. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व पुरत नाही. पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि डोळ्यांनी शोधून खाणारा प्राणी खाणं सोडतो. घरचे म्हणतात, थंडी आहे, झोपलंय. पोहताना एका बाजूला कलतं, नाकातून बुडबुडे येतात, ते छातीत संसर्ग झाल्याचं लक्षण. घरचे म्हणतात, खेळतंय. बादलीतल्या दहा वर्षांनी एवढंच सिद्ध होतं की कासवाला मरायला फार वेळ लागतो.

दुसरा आक्षेप मुलांचा. प्राणी घरात असला की मुलं जबाबदारी शिकतात, म्हणे. शिकत असतीलही, पण कोणाच्या जिवावर शिकतात हेही बघावं. अमेरिकेत एकेकाळी ही पिल्लं मुलांचं खेळणं म्हणूनच विकली जात. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात, कासव ठणठणीत असलं तरी. लहान मुलं ते तोंडाजवळ नेतात आणि आजारी पडतात. म्हणून १९७५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. लुइझियानातल्या कासवांच्या शेतांनी मग परदेशाची वाट धरली. १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून जास्त स्लायडर अमेरिकेबाहेर गेले. ज्या आकाराचं पिल्लू स्वतःच्या मुलांच्या हाती द्यायला तो देश तयार नव्हता, ते जगभरच्या मुलांच्या हाती पोचलं. कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे आणि त्याची टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही घासायची नाही, हा धडा दुकानात कोणी देत नाही.

मग तळहातावरचं पिल्लू ताटलीएवढं झालं की दया आठवते. तळ्यात, नदीत नाही तर देवळाच्या कुंडात सोडून यायचं, म्हणजे पुण्यही आणि सुटकाही. स्लायडरची गणना जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींत झाली आहे ती अशा दयेमुळेच. युरोपनं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. आपल्याकडे आसाम आणि केरळातल्या पाणवठ्यांत ते सापडलेलं आहे. ते काहीही खातं, स्थानिक कासवांची ऊन खायची जागा बळकावतं, नवे रोग सोबत आणतं. दख्खनच्या नद्यांतलं लेथचं मऊ पाठीचं कासव आधीच संकटात आहे, त्याला आणखी एक भाडेकरू परवडणारा नाही.

सरळ बंदीच का नको, असं कोणी विचारेल. आपला कायदा देशी कासवांच्या बाबतीत कडक आहे, तारांकित कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि परदेशी प्राण्यांची मागणी वाढण्याचं तेही एक कारण असावं. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनं सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची केली. पण नोंदीचा कागद प्राणी कुठून आला ते विचारतो, त्याची यूव्हीबी नळी कधी बदलली ते नाही. मला जपानचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे जून २०२३ पासून स्लायडरची विक्री आणि त्याला बाहेर सोडणं बेकायदा आहे, पण ज्यांच्या घरी तो आधीपासून आहे त्यांना तो ठेवता येतो. सरसकट बंदी आणली असती तर लोकांनी रातोरात कासवं नदीत नेऊन टाकली असती, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

आपल्याकडेही ज्यांच्या घरात ते आधीच आहे, त्यांच्यापुढे निवडीला फार जागा नाही. नवं घेऊ नये, आहे ते नीट ठेवावं. काचेची टाकी परवडत नसेल तर गच्चीवर किंवा तळमजल्याच्या अंगणात मोठा प्लास्टिकचा हौद चालतो. अर्ध्यावर सावली, चढायला विटांचा उतार, वर घट्ट बसवलेली जाळी, कारण कावळे आणि घारी असतात, आणि कासव समजुतीपेक्षा चांगलं चढतं. रोजचं खाणं पिल्लाला, मोठ्याला एक-दोन दिवसांआड, त्यातही हिरवा पाला आणि किसलेलं गाजर जास्त. चावायला समुद्रफेनाचा तुकडा. आणि मादी असेल तर फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीची पेटी. नर नसला तरी ती अंडी धरते. दिवस भरले की खाणं सोडते, रात्रभर टाकीच्या काचेवर नखं घासत राहते, बाहेर पडायची वाट शोधते. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि जिवावर बेततं. मिळाली तर मागच्या पायांनी, वळूनही न बघता, ती एकेक पसा माती उपसत हवा तसा खड्डा करते, पिल्लं होणार नाहीत अशी अंडी त्यात ठेवते, माती लोटून चापूनचोपून बसवते आणि पाण्याकडे परत जाते.