भीती आणि भीतीचे कारण

१९९७ साली अमेरिकेत अटलांटा येथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी आभासी वास्तवाचा उपचार सुरू झाला. डोळ्यांवर यंत्र चढवले की हेलिकॉप्टर, जंगल पुन्हा समोर येई. मानसशास्त्रज्ञाला यंत्र चालवणे लवकर जमते. अवघड आहे ते रुग्णाची हकीकत ऐकत, त्याची भीती ० ते १०० अशी त्यालाच मोजायला लावून, त्या बेताने दृश्य आणि आवाज वाढवणे. या उपचाराचे गृहीत असे की धोका संपला, भीती तेवढी उरली. मी विद्यार्थ्यांना इथेच थांबवतो. वस्तीवर हल्ला करणारा शेजारीच मोकाट फिरत असेल, तर तिथली भीती शहाणपणाचीच म्हणावी लागेल. तिथे आधी संरक्षण आणि न्याय हवा. धोका संपला की नाही, हे विचारायला न शिकवणारे प्रशिक्षण अपुरे आहे.