खोल समुद्रांतील मासा आणि मुद्दलाचा हिशेब

समुद्रांतील माशाची हकीकत शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु ती शेवटपर्यंत वाचल्यास तींत आपल्याच धंद्याचें एक तत्त्व आढळेल.

'ऑरेंज रफी' नांवाचा हा मासा न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांच्या समुद्रांत सुमारें ७०० ते १,५०० मीटर खोलीवर राहतो. त्याची लांबी साधारण हातभर असते. जिवंतपणीं तो विटकरी तांबडा असतो; मेल्यावर नारिंगी दिसतो. त्याच्या जुन्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'बुळबुळीत डोक्याचा' असा होता. गिऱ्हाइकास तें किळसवाणें वाटेल म्हणून हें नवें नांव रूढ झालें.

त्याचें मांस पांढरें, घट्ट व सौम्य चवीचें असून गोठवून दूरदेशीं पाठवितां येतें. १९७९ च्या सुमारास न्यूझीलंडजवळ त्याची मोठी मासेमारी सुरू झाली व पुष्कळ माल अमेरिकेंत खपूं लागला. अंडीं घालण्याच्या वेळीं हे मासे समुद्रतळावरील डोंगरांभोंवतीं दाटीनें जमतात. असें ठिकाण सांपडलें कीं, ओढजाळ्यांत थोड्याच वेळांत कित्येक टन मासा येई. तेव्हां हा सांठा अपार आहे, असें अनेकांस वाटलें.

चूक येथेंच झाली. माशाच्या कानांतील बारीक खड्यावर झाडाच्या खोडाप्रमाणें वर्षावर्षाचीं वलयें असतात. तीं मोजतां असें दिसून आलें कीं, हा मासा शंभराहून, क्वचित् दोनशेंहूनही अधिक वर्षें जगतो व त्यास प्रजोत्पादनक्षम होण्यास वीस ते चाळीस वर्षें लागतात. म्हणजे जाळ्यांत आलें तें सालाचें पीक नसून अनेक पिढ्यांचा सांठा होता. कित्येक ठिकाणीं मासा झपाट्यानें ओसरला. न्यूझीलंडनें चॅलेंजर पठारावरील ही मासेमारी २००० सालीं बंद केली व २०१० सालीं बेतानें पुन्हां सुरू केली. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं या माशास संरक्षणाच्या यादींत घातलें.

आंबराईचीं फळें विकणें निराळें आणि झाडें तोडून लांकूड विकणें निराळें. पहिल्या वर्षीं लांकडाचाच पैसा अधिक दिसतो, म्हणून फसगत होते. विहिरीचें पाणी असो वा जमिनीचा कस, उपसण्यापूर्वीं तो किती वर्षांत भरून येतो हें पाहावें. व्याज समजून मुद्दल खाल्लें, तर तें नातवांसही फेडतां येत नाहीं.