झाकली मूठ, किलोच्या भावाने

गोणपाटावर नाण्यांचा ढीग होता आणि ढिगात पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला: ‘जुनी नाणी, न निवडलेली, किलोवर’. शेजारी काटा. मी वाकून मूठभर नाणी उचलली तसा विक्रेता म्हणाला, “निवडून नाही मिळणार, काका. वाड्यातला माल आहे, हात लागलेला नाही. तुमच्या नशिबात असेल ते तुमचं.”

एका आठवडी बाजारातली ही गोष्ट. ‘हात लागलेला नाही’ एवढ्याच शब्दांचे मी दीड हजार रुपये मोजले. नाणी त्यावर फुकट मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर वर्तमानपत्र पसरून पिशवी रिकामी केली. मोजून २९० नाणी भरली. सर्वांत जास्त पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे पाव आणे, राजाचं नाक झिजून गुळगुळीत झालेले. मग युद्धकाळातले भोकाचे पैसे, १९५७ नंतरचे नवे पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे, डझनभर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, आणि हनुमानाचं चित्र असलेली दोन नाणी, त्यांच्याकडे पुढे येऊ. बोटं काळी-हिरवी झाली. भिंग घेऊन दोन तास बसलो आणि मग लक्षात आलं, की पाहायला हवं होतं ते या ढिगात काय नाही ते. चांदीचं एकही नाणं नव्हतं. वाड्यातला डबा असता तर त्यात एखादी चवली, एखादी पावली चुकून तरी राहिली असती. इथे सगळा माल एकसारखा निकृष्ट. घरातला डबा असा नसतो. त्यात बरं-वाईट एकत्र नांदत असतं. तांदूळ निवडताना आजी खडे बाजूला काढायची. मला कुणीतरी ते बाजूला काढलेले खडेच तोलून दिले होते.

हा माल कुठून कुठे फिरतो ते पाहिलं तर त्यात नवल उरत नाही. डबा घराबाहेर पडतो तोच बहुधा सराफाकडे. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. हे नाणी न जमवणाऱ्या सराफालाही पाठ असतं, त्यामुळे चांदी पहिल्याच पायरीवर गळते. पुढचा व्यापारी साल आणि टांकसाळीची खूण बघतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. तो ‘डुकराचा रुपया’ आणि १९३९ चा रुपया झोपेतसुद्धा ओळखतील अशी माणसं या धंद्यात आहेत. त्यांच्यानंतर तिसरा येतो, तो छापाच्या चुका शोधतो. सगळ्यांची पाखडणी झाली, की उरलेलं काट्यावर चढतं. पुठ्ठ्यावरची पाटी मात्र तिथे पहिल्यांदाच लागते.

आपल्याकडे हे हौशी पातळीवर चालतं. अमेरिकेत याचा रीतसर धंदा आहे. तिथे १९०९ पासून २०२५ पर्यंत चलनासाठी लिंकनचा चेहरा असलेला सेंट निघत होता आणि १९५८ पर्यंत त्याच्या मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या होत्या. हे ‘गव्हाचे सेंट’ पौंडावर, गुंडाळीवर, पाच-पाच हजारांच्या पिशवीतून विकले जातात आणि बहुतेकदा सोबत एकच शब्द असतो, ‘न शोधलेले’. एका पौंडात साधारण १४६ नाणी बसतात. सगळ्यांना हवं असतं ते पहिल्याच वर्षीचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं आणि शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं असलेलं नाणं. अक्षरं फार ठळक आहेत अशी कुरकुर झाली, ती काही दिवसांतच काढून टाकली, म्हणून हे नाणं फक्त ४ लाख ८४ हजार निघालं. आता दुसरं टोक पाहा: एकट्या १९४४ साली एकट्या फिलाडेल्फियात १४३ कोटी ५४ लाख सेंट पाडले गेले. म्हणजे त्या एका टांकसाळीच्या एका वर्षाशी तुलना केली तरी एकास जवळपास तीन हजार. बाकीची वर्षं आणि टांकसाळी अजून मोजल्याच नाहीत.

हे गणितही भाबडंच आहे, कारण त्यात धरून चाललो आहोत की कुणी शोधलं नाही. प्रत्यक्षात १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, तिथे सालवार भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे फलक स्वस्तात मिळू लागले. एकेका भोकात एकेका सालाचा सेंट बसवायचा. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खिशातली चिल्लर उलटीपालटी करायला लागले. बँकेतून गुंडाळ्या आणायच्या, हवं ते काढायचं, उरलेलं परत नेऊन द्यायचं. एका अख्ख्या देशाने काही पिढ्या ही नाणी पाखडली आहेत. त्यातूनही मजेची नाणी निसटली. १९५५ साली फिलाडेल्फियात काही हजार सेंटवर अक्षरं दुहेरी उमटली. चूक कळली तेव्हा ती चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती, म्हणून तशीच बाहेर जाऊ दिली. त्या वेळी यंत्रातून मिळणारं सिगारेटचं पाकीट २३ सेंटला होतं, यंत्र पंचवीसचं नाणं घेई आणि सुटे दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात आधीच सरकवलेले असत. बरीचशी दुहेरी नाणी लोकांच्या हाती पडली ती अशी, सिगारेटबरोबर. पण ती सापडली १९५५ नंतरच्या काही वर्षांत. आज पौंडावर येणाऱ्या मालातून ती निघेल ही आशा म्हणजे पेठेतली आजची भाजी काल निवडलेली नाही असं मानणं.

मग विक्रेता काय करतो? थोडं पेरतो. गुंडाळीच्या टोकाला, जिथून आतलं एकच नाणं दिसतं, तिथे एखादं जुनं, दुर्मिळ वाटणारं नाणं ठेवतो आणि कागद पुन्हा दाबून बंद करतो. तसा दाब देणारी यंत्रं मिळतात. गिऱ्हाईक विचार करतं, टोकाला हे असेल तर आत काय असेल! आत काही नसतं. आपल्याकडच्या ढिगात हे काम शिवराई करते. वरच्या थरात पाच-सहा शिवराया दिसतील अशा सोडल्या, की मराठी माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. माझाही गेला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. एवढं अंगठ्याने चाचपलं की पुढचं डोकं चालेनासं होतं.

शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झाली हे खरं, पण महाराज गेल्यावरही ती पाडली जात राहिली. पेशवाई आली, गेली, तरी ती बाजारात फिरत होती. ओळींमध्ये दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांची. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे एका नाण्यावर मजकूर पुरा येत नाही. अक्षरांची वळणं, ठिपक्यांची कडा, वजन असं सगळं जुळवून काळ ठरवावा लागतो. विक्रेत्याच्या लेखी मात्र प्रत्येक शिवराई शिवकालीन. माझ्या डझनातल्या सात दुदांडी होत्या, तीन वाचताच येत नव्हत्या.

आणि ती हनुमानाची नाणी. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल, दुसऱ्या बाजूला मारुतीराया. अशीच रामदरबाराची, कमळाचीही मिळतात आणि लाखो रुपयांच्या बातम्या मोबाइलवर फिरतात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. सबंध मुलखासाठी एकसारखी नाणी तिने १८३५ मध्ये आणली आणि त्या रुपयावर चौथा विल्यम होता. मारुतीचं नाणं देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पैसे मात्र पितळेचेच द्यावेत. त्याच सुरात ‘तुमचं जुनं नाणं आम्ही विकून देतो, आधी कमिशन भरा’ असे फोन येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला आपलं नाव वापरणाऱ्या अशा लोकांविषयी इशारा द्यावा लागला.

मग ढीग घ्यायचाच नाही का? घ्यावा की. हाताने उलटापालट करण्यात सुख आहे, मुलांना आणे-पै समजावायला याहून सोपं साधन नाही. फक्त किलोचा भाव नाण्यांच्या संख्येने भागून बघावा. मला एक नाणं पाच रुपयांना पडलं. त्यातलं सर्वांत साधं नाणं सुटं त्याच किमतीत मिळत असेल, तर व्यवहार सरळ आहे. सुटं दोन-तीन रुपयांना मिळत असेल, तर वरचा पैसा न निवडलेपणाचा. आणि घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांना हात लावू नये. तांब्यावर चढलेला काळपट रंग ही जमवणाऱ्यांच्या नजरेत नाण्याची अब्रू असते. घासून लखलखीत केलेली शिवराई त्यांना भांड्याच्या तुकड्यासारखी दिसते.

दोन वाचता येणाऱ्या शिवराया आणि सहा भोकाचे पैसे मी ठेवून घेतले. भोकाचा पैसा पूर्वी नळाला वायसर म्हणून लावायचे, हे ऐकून घरातल्या धाकट्याने एक मागून घेतला. बाकीची पिशवी महिन्याने त्याच बाजारात नेली. विक्रेत्याला ओळख लागली नाही. त्याने पिशवी काट्यावर ठेवली, मी दिलेल्याच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला आणि विचारलं, “आत काही बघितलंय का?”

“बघितलंय,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, पैसे मोजून हातात दिले आणि पिशवी गोणपाटावर उलटी केली. पुठ्ठा तिरपा झाला होता, तो सरळ करून पुन्हा ढिगात खोचला.