यादीत ‘सेंट्रल इंडिया’, प्रत्यक्षात पुणे

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरवर सर्व्हर चढवताना ‘रीजन’ निवडायची यादी उघडते. तिच्यात पुण्याचं नाव शोधत बसू नका. ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजेच पुणे. चेन्नई आणि मुंबईच्या जोडीने ते सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. हिंजवडीत बनलेल्या ॲपचा डेटा पुण्यातच ठेवायची सोय त्यामुळे झाली.

चढवायचं काय? उदाहरणार्थ, पार्स सर्व्हर. जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकने पार्स ही सेवा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, पण जाता जाता सर्व्हरचा कोड खुला केला. (सेवा बंद करणाऱ्या सगळ्याच कंपन्या एवढं सौजन्य दाखवत नाहीत.) लॉगिन, डेटा, पुश नोटिफिकेशन ही नेहमीची कामं हा सर्व्हर सांभाळतो. त्याची डॉकर इमेज तयार मिळते. तिच्यातून सुरू होणारा कंटेनर मूळ सेटिंगनुसार १३३७ पोर्टवर ऐकतो. कंटेनर चालवणाऱ्या ‘अझ्युर कंटेनर ॲप्स’ या सेवेच्या ‘टार्गेट पोर्ट’मध्ये तोच आकडा हवा. तो चुकला, तर कंटेनर ठणठणीत आणि ॲप मात्र ढिम्म!

पार्सचा डेटा साठवणारी मोंगोडीबी वेगळी ठेवा, कारण कंटेनर बदलला की त्याच्या आतल्या फायली जातात. पार्सची मास्टर की इमेजमध्ये कधीही भरू नका, ‘सीक्रेट’ म्हणून द्या. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला परवानग्यांचे सगळे नियम ओलांडता येतात. एम-मालिकेच्या मॅकवर स्वतःची इमेज बांधत असाल, तर प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/एएमडी६४’ लिहा. नाहीतर ती कंटेनर ॲप्सवर चालायचीच नाही.