विजेवरचं वडाप, पण बॅटरी कुणाची?

संध्याकाळी गुरुग्रामच्या इफको चौकात उभं राहा. 'राजीव चौक, राजीव चौक' अशी हाळी देत एकेक ऑटो कडेला येतो. मागच्या बाकावर तिघं-चौघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक, दोन पायांच्या मधल्या जागेत कुणाची तरी पिशवी. भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि एकदा हलली की हात दाखवेल तिथे थांबते. परमिटमध्ये काय लिहिलंय ते इथे कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या वडापची आणि सिक्स सीटरची ही सख्खी भावंडं.

गुरुग्रामला मेट्रो आली २०१० साली, महानगराची शहर बससेवा थेट २०१८ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही डुंडाहेडा, कापसहेडा, चकरपूर, नाथूपूर अशा गावठाणांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा कामगार उद्योग विहारच्या शिलाई कारखान्यात पोचतो तो बहुतेक याच ऑटोने. किंवा पायी.

आता गंमत अशी की विजेवर न्यायला सर्वांत सोपी गाडी कोणती, असं एखाद्या अभियंत्याला विचारलंत तर तो याच ऑटोकडे बोट दाखवेल. सतत थांबणाऱ्या गाडीत इंजिनाचे हाल होतात. उभ्या गाडीतही ते इंधन पीत राहतं, कमी वेगात त्याची कार्यक्षमता ढासळते आणि ब्रेक दाबला की कमावलेला वेग उष्णता होऊन उडून जातो. मोटर थांबली की वीज खात नाही, शून्यापासूनच जोर लावते आणि ब्रेकच्या वेळी जनित्र बनून थोडी वीज बॅटरीत परत टाकते. हिशेबच करू. एक किलो सीएनजीत साधारण १३ युनिट ऊर्जा असते आणि त्यावर ऑटो ३०-३५ किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ०.४ युनिट. महिंद्राच्या ट्रिओ या ई-ऑटोत ७.३७ युनिटची बॅटरी असते. रस्त्यावर ती शंभरेक किलोमीटर चालली असं धरून चार्जिंगमधली गळती जमेस धरली, तरी किलोमीटरला ०.०८-०.०९ युनिटच्या वर खर्च जात नाही. पाचवा हिस्सा. ८० रुपये किलोचा गॅस आणि ८ रुपये युनिटची वीज धरा. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याचा इंधनाचा खर्च अडीचशेच्या आसपासवरून सत्तरच्या घरात येतो.

पर्यावरणाच्या नावाने जे ढोल वाजतात, ते मात्र जरा बेताने वाजवलेले बरे. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने ई-ऑटो किलोमीटरला ६० ग्रॅमच्या आसपास आणि सीएनजी ऑटो ८०-८५ ग्रॅम. बचत आहे, पण डोळे दिपावेत एवढी नाही. खरा फायदा आहे तो नाकापाशी. जुना डिझेल ऑटो आपली काजळी चौकात, रांगेतल्या माणसाच्या तोंडावर सोडतो, आणि डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणूनच राजधानी क्षेत्राच्या हवा गुणवत्ता आयोगाने फर्मान काढलं: १ जानेवारी २०२३ पासून नोंदणी फक्त सीएनजी आणि विजेच्या ऑटोंची, आणि गुरुग्राममधल्या डिझेल ऑटोंना ३१ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख. त्याआधी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या प्रशासनाने 'परिवर्तन' नावाने जुने डिझेल ऑटो देऊन ई-ऑटो घेण्याची योजनाही आणली होती.

ई-रिक्षांना असं फर्मान लागलंच नाही. २०१० च्या सुमारास त्या दिल्लीत अवतरल्या आणि कायद्याला जाग येईपर्यंत गल्लोगल्ली पोचल्या. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१५ मध्ये मोटार वाहन कायदाच बदलून त्यांना जागा करून दिली: ताशी २५ किलोमीटर, चार प्रवासी. खरं तर विजेच्या रिक्षाची कल्पना त्याआधीच आपल्या फलटणमध्ये रस्त्यावर आली होती. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी बॅटरीवरची तीनचाकी बनवली आणि २००२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तिच्यावर लेखही लिहिला. तेव्हा तिकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

या स्वस्त ई-रिक्षाची सीट उचलून पाहा. खाली १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, मिळून शंभर किलोच्या वर वजन, टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी आल्यासारखा थर आणि कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरची बाटली. बॅटरी उतरताना तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज होताना ते विरघळून जातं. पण चार्जिंग पुरं व्हायला आठ-दहा तास लागतात आणि पोट तेवढं थांबत नाही. अर्धवट चार्जवर गाडी काढली की उरलेल्या सल्फेटचे स्फटिक टणक होत जातात आणि पुढे कशानेच विरघळत नाहीत. त्यात उन्हाळा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे, आणि गुरुग्रामचा पारा मे-जूनमध्ये ४५ गाठतो. वर्षभरात संच बाद. गॅसवर वाचलेला पैसा असा शिशात जातो.

लिथियम बॅटरी यापेक्षा कितीतरी टिकते, पण तिची किंमत एकरकमी मोजावी लागते. ज्याच्या खोलीचा भाडेकरारही कागदावर नाही, त्याला बँक उभं करत नाही. खासगी सावकारी कंपनी करते, चढ्या व्याजाने. चार्जिंगचं दुखणं वेगळंच. दहा बाय दहाच्या खोलीत, एका मीटरवर दहा बिऱ्हाडं, तिथे रात्रभर गाडी लावायची कुठे? म्हणून गावठाणांतल्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. रात्रीचं भाडं द्या, गाडी लावा, पहाटे घेऊन जा.

काठमांडूने हा गुंता पंचवीस वर्षांपूर्वीच हाताळला होता. तिथले डिझेलचे विक्रम टेम्पो १९९९ मध्ये खोऱ्यातून हद्दपार झाले आणि विजेवरचे 'सफा टेम्पो' सहाशेच्या आसपास गेले. त्यांच्या स्टिअरिंगवर बायका मोठ्या संख्येने दिसू लागल्या. दिवसभरात बॅटरी उतरली की चार्जिंग स्टेशनवर जुनी काढून भरलेली बसवायची. चालकाला तासन्‌तास खोळंबा नाही. पण विक्रमच्या मालकांना भरपाई म्हणून सरकारनेच सीमाशुल्कात मोठी सूट देऊन इंधनावरच्या मायक्रोबस आणू दिल्या आणि सफा टेम्पोची वाढ तिथेच खुंटली.

तीच अदलाबदल आता आपल्याकडे आली आहे. गुरुग्रामच्याच 'बॅटरी स्मार्ट' या कंपनीने २०२० पासून ई-रिक्षांसाठी लिथियम बॅटऱ्यांचं जाळं विणायला घेतलं. बॅटरी कंपनीची, चालक पैसे देतो फक्त बदलण्याचे, दोन-चार मिनिटांत रस्त्यावर परत. मला ही वाट सबसिडीपेक्षा जास्त पटते, कारण बॅटरी मरण्याची धास्ती इथे चालकाच्या डोक्यावरून उतरते. अर्थात तो एकाच कंपनीच्या जाळ्यात अडकतो, हेही खरं. सगळ्यांच्या बॅटऱ्या एकमेकांच्या गाड्यांत बसाव्यात म्हणून नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये धोरणाचा मसुदा काढला खरा, पण कंपन्यांना आपापला साचा सोडवत नाही.

आणि कर? विजेची गाडी बॅटरीसकट घेतली तर जीएसटी ५ टक्के. बॅटरी सुटी घेतली, किंवा अदलाबदलीची सेवा घेतली, की १८ टक्के. सायबर सिटीच्या तळघरात उभी असलेली पन्नास लाखांची विजेची मोटार पहिल्या रांगेत बसते, चकरपूरचा रिक्षावाला दुसऱ्या.